निकालाची झेरॉक्स

अमरावतीच्या कोर्टात मी सत्तावीस वर्षं स्टेनो होते. साहेब बोलायचे, मी टाइप करायचे. बोलण्याचं स्वातंत्र्य, धर्माचं स्वातंत्र्य, सगळी कलमं बोटांना पाठ. त्यामुळे माझी अशी समजूत झाली होती, की वरच्या कोर्टाचा निकाल हातात असला की माणसाला कोणी हात लावत नाही. येडीच होते मी!

गेल्या वर्षी दर्यापूरला माझ्या बहिणीच्या मुलाचं लग्न झालं. आम्ही बौद्ध. लग्नात माझ्या मुलीनं माइकवर बावीस प्रतिज्ञा म्हटल्या, मंडपानं तिच्या मागून म्हटल्या. जुने देव मानणार नाही, हे त्यात येतंच. आमच्या घरात आजोबांपासून म्हणतात. कोणीतरी व्हिडिओ काढला, तेवढाच तुकडा कापून फिरवला, आणि चौथ्या दिवशी दर्यापूरच्या पोलीस ठाण्यात अर्ज: धार्मिक भावना दुखावल्या.

मुलीला अकोल्यात सरकारी नोकरी लागली होती. ऑर्डर यायची होती, पोलीस पडताळणी चालू होती.

मी सुप्रीम कोर्टाच्या एका जुन्या निकालाची झेरॉक्स काढली. मुद्दाम, वाईट हेतूनं अपमान केला तरच गुन्हा, या ओळीवर पिवळा मार्कर फिरवला आणि ठाणेदारांपुढे ठेवली. माणूस चांगला होता, त्याचीच जास्त भीती वाटली. चहा सांगितला, सगळं वाचलं.

"ताई, हे बराबर आहे. कोर्टात तुमीच जिंकसान. पण कवा? पाच वर्षांनं? तवर पडताळणीत मले 'प्रकरण प्रलंबित' लिहा लागते. त्यापरीस पोरीचा माफीनामा आणा, पुन्हा म्हणणार नाही म्हणून. अर्ज इथंच बंद करतो."

घरी सांगितलं तर मुलगी तडकली. "माफी? काहून मागू? निकाल आपल्या बाजूनं आहे, असं तूच सांगून राहिली होती ना, आई?"

दुसऱ्या दिवशी ती बाहेर गेल्यावर मी माफीनामा टाइप केला. एकही चूक नाही. खाली तिची सही केली. खोट्या सह्यांच्या खटल्यांतले किती जबाब मी टाइप केले असतील, तरी पहिल्याच फटक्यात जमली. लाज वाटते सांगायला, पण जमली.

महिन्याभरात ऑर्डर आली. मुलीनं मला मिठीच मारली. "पाह्य आई, तुझा निकालच कामी आला! कायदा असा असते." तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मी पेढे आणायला गेले.

ती झेरॉक्स आता तिच्या पर्समध्ये असते. ऑफिसातल्या मैत्रिणींना वाचून दाखवते. येत्या रविवारी नांदगाव खंडेश्वरला लग्न आहे, प्रतिज्ञा म्हणायला तिलाच बोलावलंय, आणि ती हो म्हणून बसली आहे. "आता कोणाले भ्यायचं, आई?" असं मलाच विचारते. पुन्हा कधी म्हणणार नाही, असा कागद दर्यापूरच्या ठाण्यात पडलेला आहे. तिनं तो वाचलेला नाही, आणि खाली तिची सही आहे.