एकोणचाळीस नंबरची हजेरी

गेल्या रविवारी शाळेत जाऊन आले... आणि तेव्हापासून एक आवाज कानातून जात नाही. कोणाला सांगावं कळेना, म्हणून इथे लिहिते आहे.

तुमसर तालुक्यातली आमची मुलींची सरकारी शाळा. एवढी मोठी की पाचवीतल्या मुलीला दहावीचे वर्ग सापडायचे नाहीत. आमच्या बॅचचं गेट-टुगेदर होतं. जुनी इमारत आता बहुतेक बंदच असते, पण आम्ही हट्टाने आमचा 'नववी ब' उघडून घेतला.

आत शिरले आणि पहिलीच गोष्ट विचित्र दिसली. सगळ्या बाकांवर बोटभर धूळ... आणि खिडकीजवळचं एकच बाक लख्ख पुसलेलं. ते बाक माझं आणि कुंदाचं होतं.

कुंदा नदीकाठच्या बपेरा गावची. मावशीकडे राहून शिकायची, माझ्यापेक्षा हुशार. नववीत असताना दिवाळीनंतर गावच्या मंडईला म्हणून गेली. मंडई म्हणजे आमच्याकडे नाटक, पाहुणे, आणि त्या पाहुण्यांत मुलगी बघायला आलेलेही असतात... कुंदा परत आलीच नाही. संक्रांतीनंतर नदीपलीकडे, मध्यप्रदेशात तिचं लग्न लावून दिलं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला की कुंदा गेली. कशाने गेली, कुठे गेली, कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले. आणि खरं सांगू? मला आतून सुटल्यासारखं वाटलं होतं. त्याची लाज वाटते आहे, पण लिहितेच.

कार्यक्रमाच्या सुरुवातीला गेलेल्या मैत्रिणींसाठी दोन मिनिटं मौन पाळलं. कुंदाचंही नाव घेतलं. खिडकीबाहेर कोणीतरी चहाचे कप विसळत होतं, तो आवाज एकदम थांबला. मौन संपलं तरी पुन्हा सुरू झाला नाही.

मग ऑफिसच्या कपाटातून कोणीतरी आमचा जुना हजेरीचा कॅटलॉग आणला. आमच्या वर्गशिक्षिका बाई आता सत्तरीच्या पुढे. त्यांनी पूर्वीसारखीच मान खाली घातली आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली. हजेरी घेताना बाई कधी वर बघत नसत, नुसता आवाज ऐकत. आम्ही पन्नाशीकडे झुकलेल्या बायका खी खी करत 'हजर बाई' म्हणत होतो.

अडतीस. ती मी. मग बाई म्हणाल्या, "एकोणचाळीस."

सगळ्या गप्प झाल्या. माझे ओठ मात्र आपोआप उघडले... कारण अडतीसनंतर एकोणचाळीसलाही 'हजर' म्हणायची सवय माझ्या जिभेला होती. मी काही म्हणायच्या आतच माझ्या कानाशी बारीक आवाज आला.

"हजर बाई."

पुढच्या बाकावरची मंगला किंचाळली. बाईंनी मात्र मान वर केली नाही. पानावरून बोट फिरवत जुन्या सवयीनेच म्हणाल्या, "शाब्बास कुंदा. दिवाळीपासून परीक्षेपर्यंत एक खाडा नाही."

मी वळून बघितलं. खिडकीच्या गजांवर दोन ओले हात होते, आणि त्यामागे डोक्यावर पदर घेतलेली बाई. शाळेत खिचडी शिजवणारी. सकाळपासून तिने आम्हाला तीनदा चहा दिला होता. आम्ही कप घेतले, पण तोंडाकडे कोणी बघितलंच नव्हतं.

ती कुंदाच होती, जिवंत. गेला होता तो तिचा नवरा. बातमी आमच्यापर्यंत येता येता कुंदाच गेली होती. आणि ती तर पोरं घेऊन परत आली होती, इथे, शाळेत. सकाळीच का बोलली नाहीस, असं मी विचारलं.

"कशी बोलू? तुमी माह्यासाठीच मौन धरून उभ्या होत्या नं."

बाई अजून कॅटलॉगातच होत्या. "पण तू तर गावी गेली होतीस... मग ही हजेरी?"

तेव्हा मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. आमच्या वर्गात रीतच होती, धानाच्या रोवणीला किंवा कापणीला एखादी घरी राहिली की तिच्या बाकावरचीने तिची हजेरी द्यायची. सलग गैरहजर राहिली की नाव कापलं जायचं, आणि नाव कापलं की घरचे पुन्हा पाठवायचे नाहीत. मी कुंदाची हजेरी दिली, आवाज बारीक करून, थेट मार्चपर्यंत. ती आली तर तिची जागा असावी, एवढंच डोक्यात होतं.

पण कॅटलॉगात मुलगी फार दिवस गैरहजर दिसली की बाई एसटीने तिच्या घरी जाऊन थडकायच्या. दोघींना तर त्यांनी लग्नाच्या तयारीतून उठवून आणलं होतं. कुंदा कॅटलॉगात रोज हजर होती, म्हणून बाई बपेऱ्याला गेल्याच नाहीत. हे मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

बाईंनी चष्मा काढून ठेवला. कुंदा मात्र हसली.

"माहीत हाय मले. वाळवी लागली म्हणून हे कॅटलॉग उन्हात टाकले होते, तवा पाह्यलं. मी तिकडं सासरी शेणगोठा करून राहिली होती, अन् इथं रोज वर्गात बसून होती. लय बरं वाटलं मले." मग बाईंकडे बघत म्हणाली, "पण बाई... लग्न लागेपर्यंत मी घरच्या फाटकाकडं पाहत होती हो. तुमी येऊन राहिल्या का म्हणून."

बाई उठल्या, हळूहळू खिडकीपर्यंत गेल्या आणि गजांवरचे ते ओले हात त्यांनी आपल्या हातांत धरले. बराच वेळ धरून होत्या.

कुंदाला आम्ही ग्रुपमध्ये घेतलं आहे. आज सकाळी, शाळा भरायच्या वेळेला, तिचा पहिला मेसेज आला. एकच शब्द... 'हजर.'

मी खाली 'हजर' लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्यानंतर, आणि फक्त माझी हजेरी.