मी निवडलेला मुकादम

अक्कलकुव्याच्या लाकडाच्या वखारीत मी कारकून होतो. वखार आधी एका गुजराती शेठची होती. जंगलात तोड चालू असली की शेठ डोंगरातल्या लाकूडतोड्यांच्या म्हाताऱ्या कारभाऱ्याशेजारी बसे, विडी ओढी, पोराबाळांची चौकशी करी. विडी संपेपर्यंत कोणी कुठला साग पाडायचा ते ठरलेलं असे. हुकूम असा कोणी सोडलेला मला आठवत नाही.

मग एका गोऱ्या कंपनीने वखार घेतली आणि साहेब आले. माणूस वाईट नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण वाईट असता तर शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. त्यांना टोळीवर एक जबाबदार माणूस हवा होता, आणि तोही कामात सगळ्यांत तरबेज. वय त्यांच्या खिजगणतीत नव्हतं. "सबसे अच्छा आदमी कौन?" त्यांनी मला विचारलं. मी मोठा शहाणा! शाबासकीच्या आशेने एका तरण्याबांड गड्याचं नाव सांगून टाकलं. साहेबांनी त्याच्या छातीवर मुकादमाचा पितळी बिल्ला लावला आणि कारभाऱ्यादेखत त्याला हुकूम सोडायला लावले.

त्या डोंगरात वडीलधाऱ्यासमोर तरणा माणूस हुकूम सोडत नाही. मला हे पक्कं ठाऊक होतं, पण त्या वेळी मी ते सोयीस्कर विसरलो. टोळी मुकाट काम करीत राहिली. दुपारी भाकरीला बसताना मात्र त्याला कोणी हाक मारीना.

आठवड्याने तो माझ्याकडे आला. "भाऊ, हाऊ बिल्ला काढी ले. मन्हासंगे कोनी बोलत नही."

मी साहेबांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, बिल्ला नको असेल तर त्याने कुऱ्हाडही ठेवावी आणि घरी जावं. आणि माणूस चुकीचा निवडला असेल, तर निवडणाऱ्यानेही. नोकरी गेली तर दुसरी कुठे मिळणार होती? बाहेर येऊन त्याला म्हणालो, "थोडा दिन थांब." धडधडीत खोटं होतं ते. मी पुरता कात्रीत सापडलो होतो, आणि त्यालाही सोबत ओढलं होतं.

शेवटी कारभाऱ्याचे पाय धरले. त्याला तुमच्यात जेवायला घ्या, म्हणून विनवलं. म्हातारा रागावला नाही.

"त्याले तूच मोठं करं ना? मंग आते तूच त्यानासंगे जेव."

त्या दुपारपासून मी माझी भाकरी घेऊन त्याच्यासमोर बसू लागलो. पावसाळ्यात काम बंद होईपर्यंत आम्ही दोघं रोज एकत्र जेवलो. तो माझ्याशी एक शब्दही बोलला नाही.