बारा शब्द आणि निळा रंग

क्रिप्टोत माझे पैसे बुडालेले नाहीत, हे मी आजही घाटनांदूरच्या चौकात उभा राहून ठणकावून सांगेन. ते आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत आहेत.

पैसे तसे माझे नव्हते. बायकोनं, सुनंदानं, पिठाच्या गिरणीसाठी शिवणकाम करून साठवलेले. मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे फरशीवर खडूनं तक्ता काढून तिला पटवलं. "बिटकॉइन सगळ्यात जुनं. ठरावीकच निघणार, म्हणून मान मोठा. धोका एकच, भाव एका दिवसात आपटू शकतो. इथर दुसऱ्या नंबरचं नाणं, त्याच्यावर लोक नवनवे व्यवहार उभारतात. धोका म्हणजे गुंता लई. डोजकॉइन निघालंच चेष्टेत, पण हवा झाली की उडतं!"

"आन् हवा गेली की?"

"म्हणून ते थोडंच घ्यायचं!"

"आवो, मंग सरळ गिरनीच कावून न्हाई घ्यायची?"

"वर्षभर थांब. दोन गिरण्या घेऊ!" (हे वाक्य माझ्या तोंडावर रोज फेकलं जातं.)

तिन्ही घेतली. ही नाणी ठेवायच्या मोबाइलमधल्या ॲपनं बारा इंग्रजी शब्द दिले. मोबाइल गेला तर याच शब्दांनी पैसे परत मिळणार, दुसरा उपाय नाही. कागदाला वाळवी लागते. आमच्या घरात महत्त्वाचं सगळं भिंतीवर लिहितात: गॅसचा नंबर, दुधाचे खाडे. त्यांच्याच खाली मी बारा शब्द पेन्सिलीनं लिहिले.

चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी घर रंगवायला काढलं. सुनंदा ब्रश मारत होती. मी एका हातात रंगाची बादली, दुसऱ्या हातात मोबाइल धरून मदत करत होतो. तेवढ्यात बिटकॉइननं उसळी घेतली. मीही घेतली. मोबाइल थेट बादलीत!

"आवो, माझी गिरनी!" सुनंदा ओरडली.

मी चक्क हसलो. "घाबरती कशाला? बारा शब्द हायत की!"

"कुटं?"

मी ऐटीत बोट दाखवलं. समोर निळीशार भिंत.

"त्या स्पेलिंगा व्हय?" ती खाली बसली. "म्या दोन हात मारले की वो त्याच्यावर!"

मोबाइल काही जगला नाही. भिंत मी अजून खरवडतो. दीड शब्द सापडलाय. पण माझा तक्ता चुकला, हे मी मरेपर्यंत मान्य करणार नाही! काल सुनंदानं त्याच भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं: "सगळ्यात मोटा धोका: मास्तर." मी ते पुसलेलं नाही. आमच्या घरात महत्त्वाचं भिंतीवरच लिहितात.