बंद दारांमागचे दोन आकडे

विमान वेळेवर उडालं की कोणी काही विचारत नाही. त्यामुळे आमच्या विश्रांतवाडीच्या ऑफिसातले किस्से आतल्या आत साठत गेले. बाहेर सांगितले असते तर लोक एसटीनेच फिरले असते! आता निवृत्त झालोय, सांगतो. नीट आठवतंय याची खात्री नाही. गणितात पीएचडी असूनही मला माझ्या कुठल्याच उत्तराची कधी खात्री नव्हती.

काम असं: विमान फार जड नसेल आणि धावपट्टी लांब असेल, तर इंजिनाला पूर्ण जोर लावायचा नाही. बाहेर आहे त्याहून जास्त तापमान त्याला सांगायचं. मग ते बेतानं जोर लावतं आणि जास्त वर्षं टिकतं. तेवढ्या जोरात, तेवढ्या वजनाला विमानाचं नाक किती वेगाला उचलायचं, ते काढून आम्ही पायलटला कळवायचो.

* * *

नवीन लागलेली पल्लवी डिसेंबरात स्वेटर घालून बसली होती. "सर, बाहेर बारा डिग्री आणि मी अठ्ठेचाळीस लिहू? हे तर धडधडीत खोटं!"

माझे सहकारी शेखसाहेब मान वर न करता म्हणाले, "लिहा. वजन तेवढं खरं लिहा."

* * *

ते वजन एकदा मीच चुकलो. कॅप्टनचा फोन आला, "अहो साहेब, एकशे अठरा? एवढ्या कमी वेगाला नाक उचललं तर शेपटी घासेल! विमानात इंधन भरायचंय ना?"

इंधन धरायचंच राहिलं होतं!

तेव्हापासून नियम झाला: दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत, दार लावून गणित करायचं. उत्तरं जुळली तरच आकडा द्यायचा.

* * *

बायकोला हे काम एकदा समजावून सांगितलं.

"म्हणजे उडायला पुरेल एवढाच जोर?"

"थोडा जास्त. पण हो."

"आणि तो तुम्ही ठरवता?"

पुढे दिल्लीला मुलीकडे ती कायम रेल्वेनेच गेली!

* * *

एकदा प्रवासी बसलेले, दारं लागलेली, पायलट आकड्यासाठी थांबलेला, आणि आमची उत्तरं जुळेनात. माझं एकशे एकतीस, शेखसाहेबांचं एकशे अडतीस. पुन्हा आपापल्या खोलीत गेलो. मला वाटलं, चूक माझीच असणार. शोधून शोधून मी अडतीसवर पोचलो. बाहेर येऊन पाहतो तर त्यांच्या कागदावर एकशे एकतीस!

"अहो, हा तर माझा आकडा!"

"आपण पीएचडी केलेले. म्हटलं, माझंच चुकलं असणार."

पल्लवी ओरडलीच, "विमानात माणसं बसलीत आणि तुम्ही एकमेकांचा मान राखताय?"

तिने सगळे कागद फाडले, आम्हाला पुन्हा आत धाडलं आणि दोन्ही दारांना बाहेरून कडी घातली.

या वेळी आकडे जुळले. तंतोतंत.

एकशे चव्वेचाळीस!