लाल रेघेखालचं गाव

सोनगीरच्या पल्याड एका खेड्यात टेकडीवरच्या दगडांवर लाल रेघ मारायचं काम निंबाआबांकडे आहे. धरण झालं की पाणी कुठवर चढेल, ते ही रेघ दाखवते. आबांचं घर तिच्याखाली दोन पुरुष खोल. धरणाला मंजुरी मिळाली तेव्हा आबांना मिसरूड फुटत होतं, आणि पहिली रेघ त्यांनीच मारली. पुढं अर्थसंकल्पात नावापुरती तरतूद होत राहिली, दर वाढले, अंदाजपत्रक शिळं झालं. नवं करायचं म्हणजे मोजणी नव्यानं, आणि मोजणी आली की आबा डबा-ब्रश घेऊन हजर. पहिली रेघ धरून असं चारदा झालं.

यंदा पाचव्यांदा रंगवताना त्यांनी नव्या इंजिनिअरला विचारलं, गावाला नळ कधी येणार?

"आबा, गाव बुडीत क्षेत्रात आहे," तो कागद चाळत म्हणाला. "बुडणाऱ्या गावाला नळयोजना मंजूर होत नाही."

खाली कोरड्या नाल्यातून आबांची बायको यशोदाबाई दोन हंडे घेऊन चढत होती.

"बुडाकरता बी पानी लागस, सायेब," आबा म्हणाले, आणि उरलेली रेघ सरळ ओढून पुरी केली.