व्याख्यानाला हुंकार

आमच्या महाविद्यालयात दरवर्षी विद्यापीठातर्फे व्याख्यानं होतात. वक्ते आपापली वाटचाल सांगतात. आखणी माझ्याकडे असते: वक्ते, माईक, चहा आणि शेजारच्या मुर्री गावचे काका. काकांना कोणी बोलावत नाही, तरी ते येतात. गावात गोष्ट ऐकताना देतात तसा हुंकार ते व्याख्यानालाही देतात. वक्ता श्वास घ्यायला थांबला की खणखणीत आवाज येतो, "हो. मंग?" नागपूरचे एक उद्योजक त्या गडबडीत आपलं यश दोनदा सांगून बसले.

यंदा मी काकांना शेवटच्या रांगेत बसवलं. "काका, आज फक्त ऐकायचं."

"ऐकूनच तर राहिलो न बाई. चुपचाप ऐकलं तं सांगणाऱ्याले कसं समजन?"

दवनीवाड्याची आमची एक माजी विद्यार्थिनी वक्ता म्हणून पहिल्यांदाच मंचावर आली होती. "मी बाबांचा ट्रॅक्टर पहिल्यांदा चालवला," एवढं बोलून ती अडली. पुढचं काही आठवेना. डोळे भरले, आणि ती माईक ठेवायला वाकली.

"हो. मंग?" मागून आवाज आला.

तिनं मान वर केली. "मंग... थेट बोडीच्या पाण्यात नेला."

सभागृह हसलं. काका हसले नाहीत. "मंग?"

"मंग बाबानं मलेच काढाले लावला."

तिथून ती इंजिनिअरिंगच्या प्रवेशापर्यंत कुठेही न अडखळता पोचली.

दुसऱ्या दिवशी व्याख्यानाचा व्हिडिओ बघताना मी तिला विचारलं, "काकांचा आवाज काढून टाकू?"

"नका काढू मॅडम," ती घाईनं म्हणाली. "नाही तं मी एकटीच बडबडून राहिली, असं दिसन."