विहिरीतली टकटक

भुताखेतांवर माझा आजही विश्वास नाही. नगरच्या कॉलेजात फिजिक्स शिकलेली बाई मी. अंगात आलेल्या बायकांना आधी थर्मामीटर लावा म्हणणारी! तेव्हा मला भाबडी समजू नका. भाबडी नव्हते, आगाऊ होते.

बहात्तरचा दुष्काळ. काष्टीजवळच्या आमच्या मळ्यातल्या विहिरीला, आणखी खोल खणल्यावर, एकदाचं पाणी लागलं. पण घरच्या सवाशिणीनं खाली उतरून ओटी भरल्याशिवाय थेंबही उपसायचा नाही, पंपाचं इंजिन सुरू करायचं नाही, ही सासरची रीत. सासूबाई विधवा, सून मी एकटी... आणि मला विहिरीची भयंकर भीती. दोनदा अर्ध्या शिडीवरून परत आले. गोठ्यात जनावरं तहानेनं हंबरत होती. नवरा माझ्याकडे बघायचंच टाळत होता.

सासूबाई म्हणाल्या, "पानी हाय, इंजिन हाय, तुजंच तेवढं अडलंय बघ."

माझा धाकटा भाऊ सुधीर पुण्यात रेडिओ दुरुस्त करायचा. त्यानं परदेशी मासिकात 'बायोफीडबॅक'बद्दल वाचलेलं – आपले ठोके आपणच ऐकायचे, म्हणजे ते हळू करता येतात, आणि भीतीही उतरते. ट्रान्झिस्टरच्या डब्यात त्यानं यंत्रही बसवलं आणि ते घेऊन मळ्यावर आला. बोटाला चिमटा, त्यात इवलासा बल्ब, दर ठोक्याला 'टक्'. ओसरीवर बसून, लांब श्वास सोडत मी सराव केला. थोडं जमल्याबरोबर सासूबाईंना ऐकवलं, भीती म्हणजे नुसती वायरिंगची भानगड!

"व्हय का? मंग उतर की," त्या म्हणाल्या.

भर उन्हात उतरले. डबा खांद्याच्या शबनम पिशवीत, चिमटा बोटाला. खाली पोचेपर्यंत टकटक अशी पळत होती की वरून सुधीर ओरडला, "ताई, श्वास सोड!"

ओटीचं सामान कपारीत मांडलं, डोळे मिटले, श्वास सोडला. टक्... टक्... संथ झाली. इतकी संथ मला ओसरीवरही कधी जमली नव्हती. भीती उतरली. कुंकू वाहिलं, ओंजळीनं ओटी भरली. स्वतःवर इतकी खूश झाले की विचारू नका.

मग चिमटा काढायला गेले, तर बोट रिकामं.

ओंजळीला दोन्ही हात लागतात म्हणून, सामान मांडतानाच, मी तो काढला होता. पाण्यात पडू नये म्हणून नारळावरच्या खणाला लावला होता आणि गडबडीत विसरले होते. चिमट्यात नुसतं कापड... आणि टक् चालूच. मनगट धरून पाहिलं. माझी नाडी उधळली होती. टक् मात्र ढिम्म, आपल्या संथ चालीत.

शिडी कशी चढले, ते शिडीलाच विचारा.

"लूज कनेक्शन," सुधीर म्हणाला. सासूबाईंना सांगितलं, तर त्या कळशी भरता भरता म्हणाल्या, "पानी गोड हाय. आनखी काय पायजे तुला?"

मला उत्तर पाहिजे होतं! खण, नारळ, शिडी, खडक – सगळ्यांना चिमटा लावून पाहिला. चिडून इतक्यांदा विहिरीत उतरले की भीती कधी गेली तेही कळलं नाही. यंत्र पुन्हा हूं की चूं नाही.

सुधीर आजही फोनवर 'लूज कनेक्शन'च म्हणतो. अरे बाबा, वायरिंग मलाही कळतं. यंत्र चुकलं असेल, मान्य. पण तो ठोका माझा नव्हता, तर मला शांत कुणी केलं?

परवा ईसीजी काढताना नर्स म्हणाली, आजी, घाबरू नका. मी डोळे मिटून ठोका आठवला... माझा नव्हे, तो.